सातवा फर्मा

आदरणीय मामा,

खुर्चीतून उठून, वाकून नमस्कार. खुर्ची मी केलेली. ज्या टेबलावर हा कागद आहे ते टेबल मी केलं (चारही पाय जमिनीला टेकतात, खाली पुठ्ठ्याची घडी सरकवावी लागत नाही). टेबलावरच्या दिव्याची शेड मी केली. मागे जी तबकडी वाजते आहे तिच्या यंत्रातली मोटर सोडून बाकी सगळं मी केलं. दोन्ही स्पीकरच्या पेट्या मी केल्या, रेकॉर्ड ठेवायचं कपाट केलं, शनिवारच्या मंडळींच्या पाच खुर्च्या केल्या (प्रत्येकाच्या पाठीचं माप घेऊन, डॉक्टरांची पाठ डावीकडे सव्वा इंच कललेली आहे हे खुर्ची होईपर्यंत त्यांनाही माहीत नव्हतं), पुस्तकांची फळी, फळीवरच्या एकोणचाळीस पुस्तकांची बांधणी, त्या बांधणीचा दोरा मेणातून ओढून घेण्याचं लाकडी साधन, आणि डिंक. डिंकाची कृती मी कोणाला देत नाही. ही यादी बढाईसाठी दिलेली नाही. यातल्या एकाही वस्तूत आजवर चूक निघाली नव्हती, एवढं आधी नोंदवून ठेवायचं होतं. 'नव्हती' हा शब्द मी विचार करून लिहिलाय.

तुमची तब्येत कशी आहे? मामींचा गुडघा कोणत्या जिन्यावर अडतो, घरातल्या की बाहेरच्या, ते मोजून कळवा, म्हणजे कठड्याची उंची किती हवी ते सांगतो. तुमच्या कानातल्या यंत्राची शिटी वाजत असेल तर ते कोणाला उघडू देऊ नका. मागच्या वेळी त्या माणसाने स्क्रू उलटा बसवला होता. माझी प्रकृती गुरुवारी दुपारी साडेतीनपर्यंत उत्तम होती, शनिवारी संध्याकाळी साडेसहाला पुन्हा उत्तम झाली. मधल्या पन्नास-एक तासांबद्दल हे पत्र आहे.

पण आधी शिफारशी, कारण तुम्ही त्या विचारल्या होत्या. आमच्या मंडळींची पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच (मामी पत्र वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात: दर शनिवारी चार वाजता दुकानामागच्या खोलीत आम्ही चौघं रेकॉर्ड ऐकतो आणि संगीतावरचं एकेक पुस्तक हातोहात फिरवतो. पुस्तकाच्या शेवटी मी एक आखलेला कागद चिकटवतो. शिफारस करणाऱ्याने त्यावर सर्वांत वर लिहायचं आणि वाचणाऱ्याने खाली पेन्सिलीने अभिप्राय द्यायचा). या हंगामात दातांच्या डॉक्टरांनी 'खोकल्यापासून खर्जापर्यंत' दिलं. सुरुवात फार दमदार आहे. मुख्याध्यापिका बाईंनी 'घंटा ओतणारी माणसं' दिलं. त्याची सुरुवात तर मी दोनदा वाचली. ठेकारावांनी (बँकेत असतात, कुठलंही संगीत लागलं की मांडीवर ठेका धरतात, तो कुठल्याच संगीताचा नसतो) 'टाळ्यांचं गणित' दिलं. त्याचीही सुरुवात चांगली आहे, कागद मात्र हलका. तिन्ही जरूर वाचा.

माझी शिफारस तुम्ही वाचलेली आहे. 'गजाची बाजू', म्हणजे त्या जुन्या व्हायोलिनवादकाचं आत्मचरित्र. आठ महिन्यांपूर्वी रद्दीवाल्याकडे मला ते सुटी पानं होऊन पडलेलं मिळालं. मी घरी आणलं, दोरा उसवला, इस्त्री केली, नव्याने शिवलं, निळं कापड लावलं आणि मागच्या कागदावर वर लिहिलं, 'शब्दन् शब्द मोलाचा.' ते डॉक्टरांकडे गेलं, ठेकारावांकडे गेलं, टपालाने तुमच्याकडे येऊन गेलं आणि शेवटी बाईंकडे स्थिरावलं. चौघांचेही अभिप्राय असे होते की शिफारस केल्याचं सार्थक व्हावं. आणि चौघांनीही, एकमेकांशी न बोलता, सातव्या प्रकरणाचं कौतुक केलं. डॉक्टर लिहितात, 'गुरू-शिष्य संबंधाचं इतकं निर्दय चित्रण मी वाचलेलं नाही. जाळी घातल्याशिवाय जवळ जाऊ नये, ही सूचना अंगावर येते.' ठेकाराव लिहितात, 'दहा चौकटी आणि दोन चौकटींमध्ये आठ मिलिमीटर मोकळी जागा. लयीबद्दल यापेक्षा नेमकं काही असू शकत नाही.' बाई लिहितात, 'लेखकाने राणीचं नाव शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, यात त्यांचा संयम दिसतो.' तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हाला आठवत असेल. त्याच्याकडे मी नंतर येतो.

आता गुरुवार. दुपारी साडेतीनला मी एका रेडिओचं पोट उघडून बसलो होतो, तेव्हा मधवाले आले. हे गृहस्थ कोपऱ्यावरच्या इमारतीच्या गच्चीवर आठ पेट्या ठेवून मधमाश्या पाळतात. त्यांचंही एक पुस्तक मी बांधून दिलं होतं, 'घरच्या घरी मधमाश्या', 'गजाची बाजू' बांधलं त्याच आठवड्यात. त्यांनी मधाची बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, काय पुस्तक आहे! पहिल्यांदा बांधून घेतलं, पहिल्यांदा नीट वाचलं. माश्या अशा गरीब झाल्यात, तुम्ही बघाच. पूर्वी दिवसाला दोन चावे, आता आठवड्याला एक. तोही चुकून."

मी म्हटलं, बांधणी चांगली असली की पुस्तक नीट उघडतं आणि माणूस वाचतो.

"ते तर आहेच. पण एक अडलंय. त्यात लिहिलंय ती राळ कुठे मिळते हो? गजाला लावायची?"

मामा, माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर रेडिओच्या पोटात पडला. तो अजून निघालेला नाही. मी शांतपणे विचारलं, कुठला गज?

"पान शंभर. 'उजवं मनगट सैल ठेवावं, खांदा पाडावा, आणि गज या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात न्यावा.' गज म्हणजे काय ते मला कळेना, म्हणून मी माश्या झाडायचा कुंचा तसा फिरवतो. सैल मनगट, एक दम. माश्या हूं का चूं करत नाहीत. आणि रोज पहाटे चारला उठून एक सूर धरायचा, तेही करतो. गच्चीवर उभं राहून. खालचे लोक बोलतात, पण पुस्तकात आहे म्हटल्यावर आपण काय करणार?"

पुस्तक त्यांच्या पिशवीतच होतं. मी पान सत्त्याण्णव उघडलं, चार ओळी वाचल्या आणि खाली बसलो. बसलो ती माझीच खुर्ची होती म्हणून सावरलो.

झालं होतं ते असं. (मामी, छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. पुस्तक म्हणजे असे फर्मे एकावर एक ठेवून शिवलेले.) दोन्ही पुस्तकं एकाच छापखान्यातली, एकाच आकाराची, त्याच टायपातली, आणि पानाच्या वर पुस्तकाचं नाव छापायची त्या छापखान्याची पद्धत नव्हती. मी दोन्ही एकाच दिवशी उसवली आणि फर्म्यांचे दोन गठ्ठे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मी शिवताना रेकॉर्ड लावतो हे तुम्ही पाहिलेलं आहे. रेकॉर्डची एक बाजू बावीस मिनिटं चालते, तेवढ्यात माझे बरोबर सहा फर्मे शिवून होतात. मग मी उठतो, बाजू पालटतो आणि येऊन सातवा घेतो. त्या दिवशीही उठलो. बाजू पालटली, सुई टेकवली, पहिले सूर कानात घेऊन परत आलो आणि सातवा फर्मा घेतला. फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी बारीक सात छापलेला असतो, तो मी तपासला. सातच होता. शेजारच्या गठ्ठ्यातला होता (बाजू पालटायची खूण म्हणून दोन्ही गठ्ठ्यांतले सातवे मी आधीच वेगळे काढून ठेवले होते). मग मधमाश्यांचं पुस्तक शिवताना तिथे सातवा कमी पडला आणि टेबलावर एक सातवा उरलेला दिसला. मी स्वतःची पाठ थोपटली की कसा वेळेवर सापडला.

म्हणजे 'गजाची बाजू'च्या शहाण्णवाव्या पानाच्या शेवटी गुरुजी दार लावून घेतात, शिष्याला समोर बसवतात आणि म्हणतात, आणि पान उलटलं की, 'धूर हळूहळू सोडावा. घाई केली की राणी बिथरते आणि मग सगळ्यांनाच चावे बसतात.' तिथून सोळा पानं मधमाश्या. शेवटी 'काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत', आणि पुढच्या पानावर, 'अशी माझी पहिली मैफल पार पडली.' सांधा बघा, मामा! मी मुद्दाम जोडला असता तर असा जमला नसता.

तुम्ही म्हणाल, एक फर्मा चुकला, उसव आणि बदल. तेवढं सोपं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. गुरुवारी मला हे कळलं आणि शनिवारी चार वाजता, पाहुण्यांसाठी केलेल्या पाचव्या खुर्चीवर, लेखक स्वतः येऊन बसणार होते. एकोणनव्वद वर्षांचे. कवळीसाठी ते डॉक्टरांकडे आले होते, डॉक्टरांनी नाव वाचून ओळखलं आणि तिथेच आमंत्रण दिलं. (तोंडात साचा असताना नाही म्हणता येत नाही. डॉक्टरांच्या बहुतेक ओळखी अशाच झालेल्या आहेत.) आणि मंडळींनी एकमताने ठरवलं होतं की लेखकांकडून त्यांचं सातवं प्रकरण त्यांच्याच तोंडून ऐकायचं. त्या एकमतात माझंही मत होतं.

वीस वर्षं आम्ही चार माणसं माझ्या खोलीत बसतो. एक डॉक्टर, एक मुख्याध्यापिका, एक बँकवाले, आणि मी, ज्याची शाळा सहावीत सुटली. ते माझं ऐकतात, कारण मी काही सांगितलं तर ते तपासून सांगितलेलं असतं. माझ्याजवळ दुसरं काही नाही. शनिवारी ते जाणार होतं.

शुक्रवारी सकाळी मी बाईंकडे गेलो. शाळेतून निवृत्त होऊन बाईंना नऊ वर्षं झाली, पण त्यांच्या दारात उभं राहिलं की माझे हात अजून आपोआप मागे जातात. म्हटलं, बाई, 'गजाची बाजू' जरा द्या, कापडाला वास येतोय असं वाटतं.

बाईंनी पुस्तक नाकाला लावलं. "नाही येत."

म्हटलं, कीड लागली असावी.

"कीड? तुमच्या डिंकात? मागच्याच महिन्यात तुम्ही पाऊण तास सांगितलंत की या डिंकाला कीड लागली तर तुम्ही दुकान बंद कराल."

म्हटलं, शिवण सैल आहे.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुमची शिवण? तुम्ही आजारी आहात का? आत या, पाणी प्या. पुस्तक मी उद्या आणते, मला प्रास्ताविक लिहायचंय. अर्धं सातव्या प्रकरणावरच आहे."

स्वतःच्या बढायांनी मी स्वतःला असं बाहेर ठेवून आतून कडी लावली होती. खरं काय ते सांगायचं तर एक वाक्य पुरलं असतं. मी पाणी प्यालो, तांब्याचा तळ ठोकून सरळ करून दिला आणि परत आलो.

शनिवारी वृद्ध गृहस्थ वेळेवर आले. अंगाने काडी, पण बोटं माझ्या पक्कडीसारखी. पाचव्या खुर्चीत बसले, पाठ टेकली आणि म्हणाले, "ही खुर्ची कोणी केली?" एरवी या प्रश्नावर मी वीस मिनिटं घेतो. मी फक्त मान हलवली. ठेकारावांनी मला विचारलं, "बरं नाहीये का?"

बाईंचं प्रास्ताविक झालं. राणीचा उल्लेख चार वेळा आला आणि चारही वेळा वृद्ध गृहस्थांनी बाईंकडे विनयाने पाहिलं. मग पुस्तक त्यांच्या हातात गेलं. शहाण्णवाव्या पानापासून त्यांनी सुरू केलं. आवाज अजून सुरेल आहे. गुरुजींनी दार लावलं, शिष्याला समोर बसवलं, आणि म्हणाले. त्यांनी पान उलटलं. थांबले. खिशातून दुसरा चष्मा काढला. पुन्हा पाहिलं. मी उठून उभा राहिलो होतो, मामा. तोंड उघडलं होतं. 'मंडळी, चूक माझी आहे' एवढे चार शब्द जिभेवर तयार होते. त्या गृहस्थांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकाच्या पुठ्ठ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि हाताने खाली बसायची खूण केली. आणि वाचू लागले, "धूर हळूहळू सोडावा."

सोळाच्या सोळा पानं वाचली. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. चौकटींचा भाग आला तसा ठेकारावांनी मांडीवर ठेका धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो बरोबर होता. 'हात स्वच्छ धुवावेत' झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. मग बाईंनी हळूच विचारलं, "एक विचारू? त्या... आता कुठे असतात?"

वृद्ध गृहस्थांनी दुसरा चष्मा घडी करून खिशात ठेवला. "बाई, ती गेली," ते म्हणाले. "पण तिच्या जागी लगेच दुसरी आली. त्यांच्यात तसंच असतं."

बाईंनी रुमाल काढला.

चहाच्या वेळी त्यांनी मला पुस्तकांच्या फळीपाशी गाठलं. "बांधणी तुमची?" मी गुन्हा कबूल केल्यासारखा हो म्हणालो. ते म्हणाले, "माझ्या मूळ सोळा पानांत काय आहे, ठाऊक आहे? मी रोज पहाटे चारला उठून एक सूर तासभर धरायचो असं आहे. नवाच्या आत मी जन्मात उठलेलो नाही. लिहिताना गुरुजींची मुलं समोर बसली होती, त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. तीस वर्षं झाली, जिथे जातो तिथे धाकधूक असते, कोणी पहाटेबद्दल विचारलं तर काय सांगू. कवळी बसवताना डॉक्टर म्हणाले, सातवं प्रकरण वाचा, आणि माझी दोन रात्री झोप उडाली. पान उलटलं आणि बघतो तर माश्या!" ते हसायला लागले ते थांबेनात. नवी कवळी हलली, ती डॉक्टरांनी येऊन बसवली. डॉक्टरांना वाटलं आम्ही सुरांबद्दल बोलतोय.

मी त्यांना सांगितलं की त्यांची खरी पानं एका गच्चीवर आहेत आणि एक माणूस त्यांच्या भरवशावर रोज पहाटे चारला उठतो. ते म्हणाले, "कोणीतरी उठतंय ना. झालं तर मग. असू द्या."

तर मामा, कोणाला काही कळलेलं नाही. मधवाल्यांना राळ दिली आहे (कुंच्याला लावू नका, असं बजावून). रविवारी मी दहा वाजेपर्यंत झोपलो. छातीवरून शिलाईमशीन उतरवल्यासारखं वाटतंय. मामींना नमस्कार सांगा, आणि कठड्याचं माप विसरू नका.

तुमचा भाचा

ता. क. — आता तुमचा अभिप्राय. तुम्ही लिहिलंय, 'पान १०४ वाचताना चष्मा दोनदा पुसावा लागला. इतकी वर्षं घर सांभाळलेली म्हातारी राणी, आणि तिच्याच माणसांनी तिला बाजूला करावं!' मामा, ती माशी होती. हे तुम्हाला कळवावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. पण पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तुम्ही इकडे येणार आहात आणि बाईंना तुमच्याशी पान १०४ वर बोलायचं आहे. त्यांनी टिपणं काढली आहेत. तुमचा स्वभाव सरळ, हीच माझी भीती आहे. खोटं बोला असं मी म्हणणार नाही. त्यांनी विषय काढला की फक्त चष्मा काढून पुसा. पत्र लिहिण्याचं खरं कारण एवढंच होतं.

ता. क. २ — तुम्ही विचाराल, मी स्वतः शिफारस केली, मग मला चूक कशी दिसली नाही? हे फक्त तुम्हाला. एकोणिसाव्या वर्षी मी बांधणीच्या कारखान्यात होतो, ते तुम्हीच लावून दिलेलं काम. माझ्या टेबलावर पहिले सहा फर्मे यायचे, सातव्यापासून पुढचे शेजारच्या टेबलावर जायचे. घड्या घालता घालता मी वाचायचो. 'गजाची बाजू' तिथेच वाचलं, आणि अशी तीनेकशे पुस्तकं. मला जे येतं ते सगळं तिथून आलेलं आहे आणि ते सगळं पान शहाण्णववर थांबतं. हाताला सवयच लागली. अजूनही ते पान आलं की हात आपोआप पुस्तक ठोकून सारखं करतो आणि बाजूला ठेवतो. तेव्हा वर शिफारस केलेल्या तिन्ही पुस्तकांमध्ये नंतर काय होतं ते वाचून मला कळवा.

ता. क. ३ — निघताना त्या गृहस्थांनी ती प्रत विकत मागितली. माश्यांसकट, तुम्हा सगळ्यांच्या अभिप्रायांसकट. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, का हो? मी म्हटलं, माफ करा, सध्या मी ती वाचतोय. पान एकशे एकोणीसवर आहे. त्यांनी बारा हजार देऊ केले होते.